एका गाडीला दोन ड्रायव्हर

कॉम्प्युटर जोडणाऱ्या त्या बाईला सगळा बाजार वहिनी म्हणायचा. सुरुवात केली तिच्या दिराने. दुकान दोघा भावांचं. थोरला, म्हणजे तिचा नवरा, जहाजावर नोकरीला. वर्षातले आठ महिने पाण्यावर. धाकटा पुढे काउंटरवर. आणि मागच्या बिनखिडकीच्या खोलीत, स्क्रू-ड्रायव्हर घेऊन, ही. पहिल्याच दिवशी दिराने गिऱ्हाइकासमोर "वहिनी, जरा बघता का?" अशी हाक मारली, आणि ती हाक चिकटली ती चिकटलीच. तिच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे लोकही तिला वहिनी म्हणायचे. ती ओ द्यायची. नाव विचारायला कुणाला फुरसत होती?

काम मात्र तिचं एक नंबर, हे तिच्या शत्रूनेही कबूल केलं असतं. वायरी अशा बांधायची की झाकण उघडणाऱ्याने दोन मिनिटं नुसतं बघत राहावं. आणि तिची एक सवय होती. जोडलेलं मशीन तपासल्याशिवाय दुकानाबाहेर जाऊ द्यायची नाही. तपासायचं म्हणजे काय, तर गाडी चालवायचा एक जुना गेम लावायचा. त्यात एक लांबलचक पूल होता आणि पुलाच्या कडेने दिव्यांचे खांब. ती पुलावरून गाडी न्यायची आणि खांब बघायची. खांब एकामागून एक सरळ, एका चालीत गेले तर मशीन पास. एखादा खांब अडखळला, उडी मारून पुढे गेला, की मशीन परत टेबलावर. दीर म्हणायचा, "वहिनी, अहो मीटर आहे ना स्क्रीनवर! सेकंदाला किती चित्रं येतात ते कोपऱ्यात दिसतंय. खांब कसले बघत बसता?" ती तरीही खांब बघायची.

आणि दमलेली असायची. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. त्यांचं सगळं उरकून, स्वयंपाक करून, दहाला दुकानात. आठला परत आणि पुन्हा तेच. "कशी आहेस?" असं कुणी विचारलं तर "आहे" म्हणायची. त्यापुढे बोलायलाही जोर लागतो हो.

ही गोष्ट दहा-बारा वर्षांपूर्वीची. तेव्हा ग्राफिक्स कार्डांमध्ये एक नवीन खूळ आलं होतं. ग्राफिक्स कार्ड म्हणजे कॉम्प्युटरमधला चित्रं काढणारा भाग. गेम खेळताना स्क्रीनवर जे हलतं ते खरं तर एकापाठोपाठ एक भराभर येणारी चित्रं असतात, आणि ती काढायची ती या कार्डावरच्या चिपने. तोवर एका कार्डावर एकच चिप असायची. मग कंपन्यांनी एकाच कार्डावर दोन चिपा बसवल्या. पहिलं चित्र हिने काढायचं, दुसरं तिने, तिसरं पुन्हा हिने. कागदावर हिशेब बिनतोड. एक रंगारी दिवसात एक भिंत रंगवतो, दोन रंगारी दोन.

पण ज्याने घरात दोन रंगारी लावलेत त्याला विचारा! अर्ध्याअधिक गेमना या दोघींकडून काम कसं करून घ्यायचं तेच कळत नसे. मग एक राबायची आणि दुसरी पाय पसरून बसायची. जिथे दोघी कामाला लागत, तिथे एकीचं चित्र घाईने यायचं, दुसरीचं रेंगाळायचं. तापायचं तर इतकं की पंखे किंचाळायचे. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात, ते काय उगाच? आणि गंमत म्हणजे कोपऱ्यातला मीटर खूश! त्याला चित्रं किती आली तेवढंच मोजता यायचं. ती कशी आली, हे त्याच्या गावीही नसे.

दिराने अशी तीन कार्डं मागवली होती. तो लबाड नव्हता, हे आधीच सांगून ठेवते. लबाड असता तर वहिनीचं काम सोपं झालं असतं. त्याचा आकड्यावर विश्वास होता, देवावर असावा तसा. पहिली दोन कार्डं विकताना वहिनी त्याच्याशी भांडली होती. "भाऊजी, खांब उडतायत." "वहिनी, आकडा बघा." दोन्ही वेळा तासभर वाद, दोन्ही वेळा त्याने रागावून तीन-तीन दिवस अबोला धरला. राहायला सगळे एकाच घरात. तीन दिवस एका टेबलावर समोरासमोर बसून न बोलता जेवायचं म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

तिसरं कार्ड शेल्फवर उरलं होतं, तेव्हा ड्रायव्हरकाका आले.

काकांनी चौतीस वर्षं बस चालवली होती. निवृत्त झाले, पण हात गप्प बसेनात. म्हणून त्यांनी वहिनीकडून एक कॉम्प्युटर जोडून घेतला, टेबलाला पकडून बसवायचं एक स्टिअरिंग घेतलं, आणि रोज संध्याकाळी दोन तास ते बसचा गेम खेळायचे. खेळायचे कसले, ड्यूटीच करायचे. स्टॉपवर वेळेवर गाडी लावायची, म्हातारी माणसं चढली की मगच हलायचं. काकू चिडवायच्या, "पगार नाही, पेन्शन नाही, तरी हे आपले हजर!" बाजारात वहिनीला पोरी म्हणणारा हा एकच माणूस.

गेमची नवीन आवृत्ती आली होती आणि जुन्या कार्डाला ती झेपत नव्हती. काका नवं कार्ड घ्यायला आले. दिराने दोन खोके पुढे ठेवले. एकात साधं, एका चिपचं, मजबूत कार्ड. दुसऱ्यात ते उरलेलं, दोन चिपांचं.

"काका, डोळे झाकून हे घ्या," दीर म्हणाला. "याच्यात दोन इंजिनं आहेत. साध्यावर पंचावन्न चित्रं येतात, याच्यावर नव्वदच्या वर."

काकांनी कार्ड हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. "एका गाडीला दोन ड्रायव्हर?" ते म्हणाले. "आमच्या डेपोत असं केलं असतं तर पहिल्याच वळणावर मारामारी झाली असती." मग ते मागच्या खोलीच्या दारात आले. "पोरी, तू सांग. तुझा शब्द शेवटचा. हे चांगलं आहे का?"

वहिनीने मान वर केली. आदल्या दिवसापासून सासूबाईंना ताप होता आणि तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. काकांच्या मागे दीर उभा होता, भुवया उंचावून. आता नाही म्हटलं की तासभर वाद. मग तीन दिवस ते टेबल, ती ताटं, तो अबोला. सगळं तिच्या डोळ्यांसमोर आलं.

"चांगलं आहे," ती म्हणाली.

एवढंच. दोन शब्द. तिने कार्ड बसवलं, त्याला पुरेशी वीज मिळावी म्हणून मोठा पॉवर सप्लाय घातला, सवयीने पूल लावला. खांब उडाले. दर पाच-सहा खांबांना एक बारीकसा हिसका. कोपऱ्यात मीटर चौऱ्याण्णव दाखवत होता. तिने गेम बंद केला, झाकण लावलं आणि चारही स्क्रू आवळले. काका मशीन घेऊन गेले.

दोन आठवड्यांनी काका दुकानात येऊन गेले, ते तिला कळलंच नाही. त्या दिवशी ती सासूबाईंना घेऊन दवाखान्यात होती. काकांनी मशीन टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "रस्ता हलतो. धक्के बसतात. डोकं दुखतं." दिराने मीटर लावला, चौऱ्याण्णव आले. त्याने पुन्हा लावला, पुन्हा चौऱ्याण्णव. "काका, मशीन ठणठणीत आहे," तो हसून म्हणाला. "आकडा समोर आहे. एकदा डोळे दाखवून घ्या. वय झालं आता, चालायचंच." काका बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले आणि मशीन उचलून घरी गेले. दीर ही गोष्ट घरी सांगायलाही विसरला. त्याच्या लेखी त्यात सांगण्यासारखं काही नव्हतंच.

दीड महिना गेला असेल. एका बुधवारी दुपारी काकू दुकानात आल्या. हातात मोठी पिशवी, पिशवीत स्टिअरिंग. दीर जेवायला गेला होता. काकू मागच्या खोलीत स्टुलावर बसल्या. दम लागला होता त्यांना. त्यांच्या दोन्ही किडन्या गेलेल्या, आठवड्यातून दोनदा डायलिसिस.

"हे कुणाला तरी दे बाई," त्यांनी पिशवी पुढे सरकवली. "आता ते खेळत नाहीत."

"का? काय झालं?"

"त्यांना वाटतंय त्यांचं डोकं चाललंय." काकूंनी पदर नाही नि रुमाल नाही, सरळ मनगटाने डोळे पुसले. "गेममध्ये रस्ता हलायला लागला. इथे आले तर तुझे दीर म्हणाले, मशीन बरोबर आहे. डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. तो म्हणाला, डोळे झकास आहेत. मग ह्यांनी स्वतःच ठरवलं. डोळे चांगले, मशीन चांगलं, मग बिघाड राहिला कुठे? त्यांच्या वडिलांचं शेवटी तसंच झालं होतं ना, माणसं ओळखेनात. तीच भीती. गाडीची किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, ही लपवून ठेव, मी मागितली तरी देऊ नकोस. पाच आठवडे झाले, मी भाड्याच्या गाडीने हॉस्पिटलला जाते. दर वेळी नवा ड्रायव्हर. आणि हे घरी खिडकीशी बसलेले असतात. बोलत नाहीत, चिडत नाहीत. चिडले असते तरी चाललं असतं गं."

 पुलावरचे ते उडणारे खांब वहिनीला आत्ता, इथे, जसेच्या तसे दिसले. चौतीस वर्षं रस्ता बघितलेला माणूस. त्याच्या डोळ्यांना जे दिसलं ते शंभर टक्के खरं होतं, आणि हे खरं आहे हे जगात फक्त एका माणसाला माहीत होतं.

ती उठली. शेल्फवरून साध्या, एका चिपच्या कार्डाचा खोका काढला, पिशवीत स्टिअरिंगवर ठेवला, खिशात स्क्रू-ड्रायव्हर आणि काळी चिकटपट्टी टाकली. तेवढ्यात दीर परत आला.

"कुठे निघालात, वहिनी?"

"ड्रायव्हरकाकांचं कार्ड बदलायला."

"अहो, पण त्या कार्डाला काही झालेलं नाही! मी स्वतः दोनदा मीटर लावून..."

"भाऊजी," वहिनी म्हणाली, "गप्प बसा जरा."

पंधरा वर्षांत ती त्याच्याशी असं बोलली नव्हती.  काय धरायचा तो अबोला खुशाल धर म्हणावं, आणि तीन दिवस कशाला, तेरा दिवस धर!

दोघी घरी पोचल्या तेव्हा काका खिडकीशीच होते. दाढी वाढलेली. वहिनीला बघून हसले, पण ते हसू तोंडदेखलं होतं. "पोरी, तू कशाला आलीस इतक्या लांब? मशीनला काही झालेलं नाही."

"माहीत आहे. माझं एक काम करा. मला एक परीक्षा घ्यायची आहे."

"माझी?"

"मशीनची," ती म्हणाली. खोटंच होतं ते, पण तेवढं चालतं.

तिने स्टिअरिंग परत टेबलाला लावलं. कार्ड बदललं नाही अजून. नुसतं बदलून दिलं असतं तर काकांच्या मनात शंका राहिलीच असती, की बिचारीने आपलं मन राखलं. त्या कार्डाची एक सोय होती: सेटिंगमध्ये जाऊन दुसरी चिप बंद करता यायची. मग ते साध्या कार्डासारखं चालायचं. तिने स्क्रीनच्या कोपऱ्यावर, जिथे आकडा येतो तिथे, चिकटपट्टी लावली. मग काकांना बाल्कनीत पाठवलं, सेटिंग केलं, आणि किती चिपा चालू ठेवल्या ते एका कागदावर लिहून तो कागद काकूंच्या हातात उलटा ठेवला.

"या. तुमच्या गेममध्येही पूल आहे ना, त्यावरून एक फेरी मारा. रस्ता हलला तर 'हलतो' म्हणा, नाही तर 'सरळ' म्हणा. बाकी काही बोलू नका."

काका स्टिअरिंगवर बसले. हात ठेवताना जरा घाबरलेच. बस पुलावर आली. दहा खांब गेले असतील.

"हलतो," ते म्हणाले, अगदी हळू, गुन्हा कबूल करावा तसे.

पुन्हा बाल्कनी. पुन्हा सेटिंग. "हलतो." पुन्हा. या वेळी काका पुढे झुकले. पूल निम्मा झाला. "सरळ?" त्यांनी वहिनीकडे पाहिलं. तिने चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. चौथ्यांदा त्यांनी पुलाची वाटही पाहिली नाही, डेपोच्या फाटकातून बाहेर पडतानाच म्हणाले, "हलतो." पाचव्यांदा "सरळ." सहाव्यांदा "सरळ. हे मघासारखंच आहे, तू काही बदललंच नाहीस. मला फसवायला बघतेस काय!"

"काकू, वाचा," वहिनी म्हणाली.

काकूंनी चष्मा लावून कागद वाचला. दोन चिपा, दोन चिपा, एक, दोन, एक, एक. सहाच्या सहा बरोबर.

"काका, जेव्हा दोन चिपा चालू होत्या तेव्हाच रस्ता हलला. एकच होती तेव्हा नाही. तुमच्या डोळ्यांना काही झालेलं नाही, डोक्यालाही नाही. कार्डच तसं आहे."

काकांनी स्टिअरिंग सोडलं नाही. "पण मीटर चौऱ्याण्णव दाखवत होता ना?"

"मीटर चित्रं मोजतो. दोन चित्रांमधलं अंतर मोजत नाही."

 अचानक काकांना हसू फुटलं, खरंखुरं. "अरे देवा! आमच्या वाहतूक साहेबांसारखं झालं हे. ते वर कागद दाखवायचे, तासाला सहा गाड्या सोडल्या म्हणून. सोडल्या की! दोन एकदम, मागोमाग आणखी दोन, आणि मग अर्धा तास स्टॉपवर चिटपाखरू नाही. शिव्या कोण खायचं? आम्ही!" काकू रडत होत्या आणि हसतही होत्या. काकांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

मग त्यांचं हसू हळूहळू थांबलं. ते वहिनीकडे वळले.

"तुला हे कधी कळलं?"

सांगता आलं असतं की आज कळलं. दिराच्या माथी मारता आलं असतं, आणि ते निम्मं खरंही होतं. इतकी दमलेली बाई, एका खोट्याने सुटली असती.

"त्याच दिवशी," ती म्हणाली. "माझ्याच टेबलावर खांब उडाले होते. मी बघितले होते."

"मी तुला विचारलं होतं, पोरी."

"विचारलं होतंत."

"मग?"

"दमले होते, काका." ती म्हणाली. "भाऊजींशी वाद घालायची ताकद नव्हती. दुसरं काही कारण नाही. मला फार लाज वाटते."

 काकूंनी पाण्याचा ग्लास आणून तिच्यासमोर ठेवला. तिने तो घेतला नाही, मशीनचं झाकण उघडलं, ते जड कार्ड काढलं आणि नवं बसवलं. स्क्रू दोनदा हातातून निसटला. काका बघत होते, पण उचलून द्यायला वाकले नाहीत. झाकण लावल्यावर ती म्हणाली, "एकदा चालवून बघा."

"नंतर बघेन," काका म्हणाले, आणि काकूंकडे वळून हात पुढे केला. "किल्ली."

"मागितली तरी देऊ नकोस म्हणाला होतात," काकू म्हणाल्या.

"आता ते पुरे."

काकूंनी कपाटातल्या चादरींच्या घडीतून किल्ली काढून दिली. काकांनी वहिनीला खूण केली. "चल, दुकानात सोडतो."

गाडी पाच आठवडे उभी होती, काचेवर धूळ. तिसऱ्या वेळी सुरू झाली. काकांनी आरसे नीट केले, पट्टा लावला, तिने लावला की नाही ते पाहिलं आणि फाटकातून गाडी बाहेर काढली. वाटेत त्यांची नजर रस्त्यावरून हलली नाही.  तिने खिडकीबाहेर पाहिलं. रस्त्याच्या कडेने दिव्यांचे खांब होते, आणि सवयीने ती ते बघू लागली. एकामागून एक, एका चालीत, सरळ.

दुकानापाशी काकांनी गाडी फुटपाथला लावली. ती दार उघडायला लागली तेव्हा म्हणाले, "उद्या हिला हॉस्पिटलला मीच नेणार."

"हो, काका."

"आणि ऐक. दमली असशील तर 'उद्या या' म्हण. मी उद्या आलो असतो. परवा आलो असतो. पण दमलीस म्हणून मला 'चांगलं आहे' म्हणू नकोस."

तिने मान हलवली. ती उतरली, दार नीट लावलं. काकांनी आरशात मागे पाहिलं, सिग्नल दिला आणि गाडी काढली.